किलमेनहॅमचा शेवटचा कैदी

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनला ट्राममधून उतरलो आणि जुन्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारातून किलमेनहॅम तुरुंगाची वाट धरली. तिकीट आधी काढून ठेवलेले बरे. ऐन वेळी गेलात तर हात हलवत परत यावे लागते. दारावर दगडात पाच साप कोरलेत, साखळदंडांनी जखडलेले. तुरुंग सुरू झाला १७९६ साली, ब्रिटिश अमलात.

मी आलो होतो एमन डी व्हॅलेरांसाठी. जन्म न्यूयॉर्कचा, बालपण लिमरिकमधल्या ब्रुरी गावी आजोळी, पेशा गणिताच्या मास्तराचा. १९१६च्या ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टर उठावात त्यांनी बोलंड्सच्या बेकरीत मोर्चा लावला, पकडले गेले आणि देहदंडाचे कैदी म्हणून इथे आले. अमेरिकेतल्या जन्माने ते वाचले, असे सांगतात. मला ते पटत नाही. त्यांची पाळी येईपर्यंत लोक इतके खवळले होते की लंडननेच हात आखडता घेतला, हेच खरे कारण दिसते.

मागच्या अंगणात उंच भिंतींमध्ये नुसती खडी. इथे उठावाच्या चौदा पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. दोन साधे काळे क्रूस आहेत. दुसरा, दाराजवळचा, एकट्या जेम्स कॉनोलींचा: जखमी असल्याने उभे राहता येईना, म्हणून त्यांना खुर्चीला बांधून मारले.

पण याच तुरुंगात नोव्हेंबर १९२२ मध्ये चार तरुणांना गोळ्या घातल्या, त्या आयरिश सरकारने. हे सरकार इंग्लंडशी झालेल्या ज्या तहातून आले, त्यात ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ होती. ती मान्य नसलेले एका बाजूला, मान्य असलेले दुसऱ्या. यादवी पेटली. तहाविरुद्ध उभे राहिलेले डी व्हॅलेरा १९२३ मध्ये एनिसच्या सभेत पकडले गेले आणि पुन्हा इथेच आले, या खेपेला आपल्याच माणसांचे कैदी म्हणून. जुलै १९२४ मध्ये ते सुटले. इथले शेवटचे कैदी म्हणून त्यांचेच नाव सांगतात.

पुढचा प्रसंग मला सर्वांत विलक्षण वाटतो. १९२७ मध्ये संसदेत शिरताना त्यांनी समोरचे बायबल उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले, शपथेचा मजकूर कागदांनी झाकला आणि वहीत सही ठोकली. म्हणे, शपथ घेतलीच नाही! ही पळवाट पाच वर्षे आधी सुचली असती तर, हा प्रश्न विचारायचे त्यांच्या टीकाकारांनी कधीच सोडले नाही. १९३२ मध्ये ते सत्तेवर आले आणि शपथच काढून टाकली. १९३७ची राज्यघटना त्यांचीच. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे तिच्यावरून घेतलेली.

ओस पडलेला तुरुंग १९६० पासून स्वयंसेवकांनी फुकट राबून सावरला. त्यांनी आपापसात एक ठरवले होते: यादवीचा विषय काढायचा नाही. नाहीतर एका भिंतीवर दोन बाजूंचे गवंडी कसे टिकणार? १९६६ मध्ये संग्रहालयाचे उद्घाटन केले राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरांनी, वय ८३, दृष्टी जवळजवळ गेलेली.

आता वाटाडी मुलगी १९२२च्या त्या चौघांबद्दलही सांगते. आमच्या गटातले एक डब्लिनकर आजोबा तिला मध्येच थांबवून म्हणाले की, त्यांच्या घरी ‘डेव्ह’चे, म्हणजे डी व्हॅलेरांचे, नाव काढायची सोय नव्हती. बायकोच्या माहेरी मात्र त्याची तसबीर होती, पोपच्या शेजारी.