जमिनीवरचा अंतराळवीर

शिक्षकाच्या धंद्यांत निरोप देण्याचे प्रसंग फार. दरवर्षीं परीक्षेच्या आधीं मुलें-मुली रांगेनें उभीं राहतात, मध्यभागीं खुर्चीवर आम्हांला बसवितात, छायाचित्र निघतें; आणि पुढच्या जूनमध्यें आम्ही त्याच खोलींत, त्याच फळ्यापुढें, नव्या चेहऱ्यांना तींच नाटकें शिकवूं लागतों. इतक्या वर्षांत आमच्या हातून किती गाड्या सुटल्या याची मोजदाद नाहीं. आम्ही मात्र स्टेशनमास्तराप्रमाणें फलाटावरच आहों. फलाटावरच्या माणसाला लोक विसरतात, यांत त्यांचा दोष नाहीं. १९८४ सालीं राकेश शर्मा अंतराळांत जाऊन आले, हें शाळेंतलें पोरही सांगेल. पण त्यांच्याबरोबर तयारी करून शेवटीं जमिनीवर राहिलेल्या रवीश मल्होत्रांचें नांव कितीजणांच्या ओठांवर येतें? गेला तो वीर. राहिला तो राखीव.

अशाच एका राखीव माणसाची कहाणी म्हणून डोनाल्ड स्लेटन या अमेरिकन वैमानिकाचें आत्मचरित्र आम्हीं यंदाच्या सुट्टींत वाचावयास घेतलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १९९४ सालीं, प्रसिद्ध झालें. करमणुकीसाठीं हातीं धरलेल्या या पुस्तकानें आमच्याच एका जुन्या अपराधाची आठवण जागी केली.

स्लेटन हा विस्कॉन्सिन राज्यांतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९२४ चा. पांच वर्षांचा असतांना गवत कापण्याच्या यंत्रांत सांपडून त्याच्या डाव्या हाताचें एक बोट गेलें. तरी १९४२ सालीं तो वैमानिक होण्यासाठीं सैन्यांत शिरला, आणि युरोपांत ५६ व जपानवर ७ अशा लढाईच्या फेऱ्या करून जिवंत परत आला. युद्ध संपल्यावर, १९४९ सालीं, मिनेसोटा विद्यापीठाची विमानविद्येची पदवी त्यानें घेतली. पुढें नव्या विमानांची परीक्षा घेणारा, म्हणजे विमान हवेंत टिकतें कीं नाहीं हें स्वतः त्यांत बसून पाहणारा, वैमानिक तो झाला. एप्रिल १९५९ मध्यें अमेरिकेनें आपले पहिले सात अंतराळवीर जगापुढें उभे केले, त्यांत हा एक होता.

त्याच वर्षीं, गरगर फिरविणाऱ्या यंत्रांतील सरावाच्या वेळीं, असें आढळलें कीं त्याच्या हृदयाचे ठोके मधूनमधून बेताल होतात. वैद्यांनीं पाहिलें, विचार केला, आणि सराव पुढें चालूं दिला. पण उड्डाण अवघें दोन महिन्यांवर आलें असतां, मार्च १९६२ मध्यें, वरिष्ठांच्या मनांत शंका उभी राहिली व निकाल फिरला. पृथ्वीप्रदक्षिणेची त्याची पाळी स्कॉट कार्पेंटरला मिळाली. एवढ्यावरच हें संपलें नाहीं. साधें विमानही एकट्यानें चालवावयाचें नाहीं, शेजारीं दुसरा वैमानिक हवा, असें बंधन आलें. मे १९६३ पर्यंत बाकीचे सहाही जण अंतराळांत जाऊन आले. सातवा जमिनीवर होता.

येथून पुढें त्याच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो, तो आम्हांला कोणत्याही उड्डाणाहून मोठा वाटतो. अंतराळवीरांची सर्व व्यवस्था त्याच्याकडे सोंपविण्यांत आली, आणि कोणत्या यानांत कोणीं बसावयाचें हें सुचविण्याचें कामही तींतच आलें. उपाशी माणसाला पंक्तींत वाढावयास उभें करावें, तसलाच हा प्रकार ! स्लेटननें एक साधा क्रम घालून दिला : जी तुकडी एका उड्डाणाला राखीव असेल, तिनें मधलीं दोन उड्डाणें सोडून तिसऱ्याला जावयाचें. या क्रमाला अपवाद झाले. पण आपली पाळी केव्हां येणार याचा अंदाज ज्याचा त्याला बांधतां येई. जेमिनी व अपोलो यानांच्या तुकड्या त्याच्याच मेजावर जुळल्या. १९६९ सालीं चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणाऱ्या आर्मस्ट्राँगची तुकडीही त्यांतलीच.

आतां आमच्या अपराधाविषयीं. चोविसाव्या वर्षीं आम्हांला विलायतेंतल्या एका विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. आमचें हृदय ठणठणीत होतें, वडिलांचें नव्हतें. आम्ही राहिलों, आणि राहिल्याची खंत नाहीं असें आजवर सर्वांना सांगत आलों. वीस वर्षांनंतर आमची एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागावयास आली. विद्यापीठ तेंच. तिच्याइतकी तल्लख बुद्धि आम्हीं आमच्या वर्गांत क्वचितच पाहिली होती. आम्हीं पत्र लिहिलें. त्यांत असत्य असें एकही अक्षर नव्हतें : नियमित, परिश्रमी, वर्तणूक चांगली. हींच विशेषणें आम्ही चारित्र्याच्या दाखल्यावर वाटेल त्याला वांटीत असतों ! तिला प्रवेश मिळाला नाहीं. तो आमच्या पत्रामुळेंच मिळाला नाहीं, असें कोणालाही सिद्ध करतां येणार नाहीं. आणि त्या सिद्ध न होण्याच्या उशीवर डोकें टेंकून आम्ही कित्येक वर्षें निजलों आहों. नकाराची बातमी सांगावयास ती स्वतः आली, व जातांना पत्राबद्दल आमचे आभार मानून गेली.

असा हात आंखडता घेण्याच्या संधी स्लेटनला उठल्याबसल्या होत्या. त्याची इच्छाच मेली असती, तर त्याच्या निःस्पृहपणाचें एवढें कौतुक नव्हतें. ज्याला भूक नाहीं त्यानें वाढतांना उदार व्हावें यांत नवल तें काय? पण त्याची भूक जिवंत होती. तो नेमानें व्यायाम करी. सिगरेट, कॉफी व मद्य यांना त्यानें आवर घातला. पुन्हां पुन्हां तो वैद्यांकडून छाती तपासून घेई. आपली भूक मरूं न देतां दुसऱ्याचें पान भरभरून वाढणें, हें संन्याशाच्या वैराग्याहून कठीण आहे असें आम्हांला वाटतें.

या वाढण्यांतही केवळ पक्वान्नें नव्हतीं. २७ जानेवारी १९६७ या दिवशीं पहिल्या अपोलो यानाला जमिनीवरच्या चांचणींत आग लागली, आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे आंतल्या आंत मरण पावले. अंतराळांत जाऊन आलेल्यालाच सोन्याचा बिल्ला मिळावा, असा अंतराळवीरांचा रिवाज. स्लेटनला तो मिळण्याजोगा नव्हता. म्हणून या तिघांनीं एक हिरेजडित बिल्ला आपल्याबरोबर वर नेऊन, परत आल्यावर त्याला द्यावयाचें ठरविलें होतें. ते गेले, त्यांच्या विधवांनीं तो बिल्ला स्लेटनच्या हातीं आणून दिला. पुढें जुलै १९६९ मध्यें आर्मस्ट्राँग तो आपल्याबरोबर घेऊन गेला. मालक जमिनीवर राहिला. बिल्ला चंद्राची वारी करून आला.

मार्च १९७२ मध्यें वैद्यांनीं स्लेटनला पुन्हां निर्दोष ठरविलें. चंद्राकडे जाण्याचे दिवस तेव्हां सरत आले होते. उरलें होतें तें अमेरिका व रशिया यांचीं यानें आकाशांत एकमेकांना जोडण्याचें उड्डाण. त्यांत त्याला जागा मिळाली, तीही आपल्याहून सहा वर्षांनीं लहान असलेल्या स्टॅफर्डच्या हाताखालीं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो रशियन भाषा शिकला. १५ जुलै १९७५ रोजीं तो वर गेला; सतराला दोन्हीं यानें जोडलीं गेलीं, आणि लिओनॉव्हनें वोडका अशी चिठ्ठी लावलेल्या नळ्यांतून पाहुण्यांना बीटचें सार पाजलें ! निवडीनंतर सोळा वर्षांनीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, झालेलें हें नऊ दिवसांचें उड्डाण त्याचें पहिलें आणि शेवटचें. उतरतांना यानांत विषारी वायु शिरला, म्हणून तिघांना रुग्णालयांत नेलें. तेथें त्याच्या फुप्फुसावर एक गांठ आढळली. ती निरुपद्रवी निघाली. पण आधीं दिसली असती, तर त्याला बहुधा पुन्हां खालींच ठेवलें असतें. १९६२ सालीं डोळे वटारून पाहणाऱ्या दैवानें या वेळीं डोळा लवविला होता.

एकावन्नावें वर्ष आम्हीं केव्हांच ओलांडलें आहे, आणि आमच्यासाठीं कोठें यान सज्ज होत असेल अशी आमची समजूत नाहीं. परंतु ज्याला यान मिळालें नसतें तरी ज्याचीं तीं दहा वर्षें वायां गेलीं असें कोणी म्हणूं शकलें नसतें, असा एक माणूस आतां आमच्या ओळखीचा झाला आहे. गेल्या आठवड्यांत एक विद्यार्थी शिफारसपत्र मागावयास आला. आम्हीं तें संध्याकाळपर्यंत लिहीत बसलों. त्याचे गुण आठवून आठवून मांडतांना, आपण त्याला पुरतें पाहिलेंच नव्हतें हेंही ध्यानांत आलें.

दुसरें एक पत्र मात्र अद्याप लिहावयाचें राहिलें आहे. ती मुलगी आतां जवळच्याच एका गांवीं शिकवीत असते. पत्ता आमच्यापाशीं आहे. त्या पत्राला विशेषणें लागणार नाहींत, आणि म्हणूनच कीं काय, त्याचा पहिला शब्द सुचत नाहीं.