तांबट आळीतला तांब्या

भाच्याला गडांचे भारी वेड. गेल्या पावसाळ्यात राजगडावर पाय मोडून घेतला, तेव्हापासून ताईने घरात डोंगराचे नाव काढू दिले नाही. यंदा मात्र दिवाळीच्या तोंडावर तीच म्हणाली, "चल रे, त्याला काहीतरी उपयोगाचे घेऊ."

कसबा गणपतीला हात जोडून आम्ही तांबट आळीत शिरलो. ठक् ठक् आवाज वाट दाखवतोच! मठारकामाचे चकाकते ठिपके नुसत्या शोभेचे नव्हेत. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, भांड्याला सहजी पोचा पडत नाही. ताईने फिरकीच्या झाकणाचा तांब्या उचलला.

"यात ताक-सरबत नको हं, फक्त पाणी," कारागिराने बजावले.

ताईने झाकण दोनदा फिरवून पाहिले. मग हळूच विचारले, "दोघांना पुरेल एवढा मोठा आहे का? एकट्याला नाही जाऊ द्यायची मी."