पुढची तारीख

भाच्याला आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये उमेदवारी करायची होती. मिळाली घोडेगावच्या कोर्टात. काम काय, तर सीनियरांच्या फायली वाहायच्या, वकीलपत्राला तिकीट चिकटवायचं आणि जज्जसाहेबांकडे पुढची तारीख मागायची.

म्हटलं, "अरे, बार कौन्सिलनं २०२४ साली सुचवलंय, ग्रामीण भागातल्या ज्युनियरला दरमहा निदान १५,००० रुपये द्यावेत."

"मामा, सुचवलंय!"

सूचना आणि रोकड यांतला फरक आम्हां बँकवाल्यांना कुणी शिकवायला नको. तरी धीर दिला, "२०२३ च्या नियमांप्रमाणे परदेशी फर्मला आपल्या कोर्टात उभं राहता येत नाही. लंडनवाल्यांना जमत नाही, ते तू रोज करतोस!"

ताई म्हणाली, "छान! पण पगाराची तारीख कधीची पडलीय?"