द्वितीय पुरुष, एकवचन

'जीवनकौशल्ये' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना महाविद्यालयाच्या आवारात भेटलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'जीवन कौशल' नावाचा अभ्यासक्रम आणला. त्याआधी, नव्वदच्या दशकात, जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यांची यादी केली होती. तीही आपण कुठल्या ना कुठल्या उजळणी वर्गात उतरवून घेतलेली आहे. आत्मभान, समानुभूती, चिकित्सक विचार, ताणतणावांचे नियोजन वगैरे. शब्द भारदस्त आहेत आणि त्यांना माझा आक्षेप नाही. मात्र गेले वर्षभर हाच शब्द आमच्या घरात अगदी निराळ्या अर्थाने वावरतो आहे. वेणी घालणे. गॅस पेटवणे आणि (हे अधिक महत्त्वाचे) तो बंद करणे. पाळीच्या दिवसांत पॅड बदलणे. अनोळखी माणसाने हात धरला तर मोठ्याने 'नको' म्हणणे.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे आणि तिला डाउन सिंड्रोम आहे. तिच्या प्रमाणपत्रावर 'मध्यम' असा शब्द आणि ७५ टक्के असा आकडा आहे. आपल्या व्यवसायात ७५ टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. इथे तो अक्षमतेचा आकडा आहे. सातवीपर्यंत ती घराजवळच्या मराठी शाळेत गेली, तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या, समूहगीतात उभे राहायला मिळाले. पुढे बीजगणित आले, मैत्रिणी आपापल्या शिकवण्यांत गुंतल्या आणि तिच्यासाठी वर्गात बसून राहणे एवढेच शिल्लक उरले. तेव्हा तिला स्वतःचे आयुष्य स्वतः पेलायला शिकवील अशी शाळा आम्ही दोघे शोधू लागलो.

कायदा या बाबतीत उदार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ४० टक्के वा अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. आणि ही शाळा मुलाच्या पसंतीची असावी, असे म्हणतो. पालकांच्या नव्हे, मुलाच्या पसंतीची. हे कलम मी वाचले तेव्हा त्यातल्या षष्ठी विभक्तीवर बराच वेळ थबकले होते. पाच-सहा शाळा पाहून झाल्या तरी त्या विभक्तीची आठवण ठेवणारी शाळा भेटेना.

पहिल्याच शाळेतला संवाद सांगते. आम्ही तिघे कार्यालयात बसलो होतो. लेकीने स्वतः निवडलेला पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता, कानात लोंबते डूल होते. मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शांत बसतं ना हे? त्याला फिट्स येतात का? सू-शी सांगतं?" बाई अनुभवी होत्या आणि त्यांच्या स्वरात काडीचाही दुष्टपणा नव्हता. पण मराठीचा उंबरठा माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता. मूल, बाळ, पोर, लेकरू या सगळ्या शब्दांना आपण नपुंसकलिंग देतो आणि ते मायेने देतो. कोकणीत आणि मालवणीत तर वयात आलेल्या मुलीचाही उल्लेख नपुंसकलिंगी होतो, तिथे त्यात कसलाही उणेपणा नाही. पुण्याच्या प्रमाण मराठीत मात्र मुलगी चार-पाच वर्षांची झाली की 'ते'ची 'ती' होते. व्याकरणाने एवढी सहज दिलेली ही बढती माझ्या लेकीला पंधराव्या वर्षीही नाकारली जात होती. आणि ती समोर बसलेली असताना सर्व बोलणे तृतीय पुरुषात चालले होते, जणू पटलावर ठेवलेल्या एखाद्या हस्तलिखिताविषयी दोन अभ्यासक चर्चा करीत आहेत!

याला केवळ व्याकरणाचा चोखंदळपणा म्हणता येणार नाही. लिंग आणि पुरुष यांतून पुढचा अभ्यासक्रम ठरतो, हे मला हळूहळू उमगत गेले. जिथे तिला 'ते' म्हटले गेले, तिथे वर्गात भिंतीवर ससे आणि फुगे होते, आणि अठरा वर्षांची, मिसरूड फुटलेली मुले बालगीतांवर हातवारे करत होती. विचारले तर उत्तर तयार असे: "यांचं बौद्धिक वय सहाच असतं." बौद्धिक वयाची ही कल्पना बिने आणि सिमाँ यांच्या १९०८ च्या चाचणीतली. कोणत्या मुलाला शाळेत अधिक मदत लागेल हे ओळखण्यासाठी केलेले ते एक मोजमाप होते. त्याचे रूपांतर आपण माणसाच्या वर्णनात करून टाकले. सहा वर्षांच्या मुलीला पाळी येत नाही, तिला नटांची चित्रे कपाटाच्या दारावर चिकटवावीशी वाटत नाहीत, आणि आई न्हाणीघरात आली की दार लोटून घ्यावेसे वाटत नाही. माझ्या लेकीला हे सर्व वाटते. पंधरा वर्षांत साठलेले जगणे एका गुणांकाने सहावर आणता येत नाही.

चाचण्यांविषयी बोलतेच आहे तर सामाजिक परिपक्वतेच्या मापनश्रेणीविषयीही सांगायला हवे, कारण साहित्याच्या लोकांना त्यात गंमत वाटेल. व्हाइनलँड या अमेरिकी श्रेणीचे भारतीय रूप मालिन यांनी नागपुरात केले. आजही प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. मूल स्वतः केस विंचरते का, किरकोळ खरेदी करते का, असे प्रश्न पालकांना विचारतात आणि उत्तरांवरून सामाजिक वय काढतात. त्यात एक प्रश्न अधूनमधून छोटी पत्रे लिहिण्याविषयी आहे. तो ऐकून मी मानसतज्ज्ञ बाईंना म्हटले, की या निकषावर आमच्या पदव्युत्तर वर्गातले कोणीच उत्तीर्ण होणार नाही. त्या हसल्या आणि त्यांनी रकान्यात खूण केली. कोणती, ते मी विचारले नाही.

मुद्दा असा, की जगण्याची कौशल्ये काळाबरोबर बदलतात आणि शाळांच्या याद्या मात्र बदलत नाहीत. एका इंग्रजी माध्यमाच्या विशेष शाळेत पैशांचा तास पाहिला. प्लास्टिकची नाणी, कागदी सफरचंदे, आणि 'ॲपल फाइव्ह रुपीज'. बाहेर रस्त्यावर त्याच वेळी भाजीवाल्याने गाडीवर क्यूआर कोडची पाटी टांगलेली, सुटे पैसे मागितले तर तो वैतागणार, आणि एक व दोन रुपयांची नाणी हातात घेऊन आपल्यालाही दोनदा पाहावे लागणार. कितीतरी बसवर क्रमांक देवनागरी अंकांत, फोनवर ते इंग्रजी अंकांत. इंग्रजीचा आग्रह का, असे विचारल्यावर "दोन भाषांनी ही मुलं गोंधळतात" असे सांगण्यात आले. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणे मागे पडते असे काही आढळलेले नाही. पण तो वाद बाजूला ठेवू. एकच भाषा ठेवायची झाली तर ती आजीची, रिक्षावाल्याची आणि शेजारच्या काकूंची का असू नये? इंग्रजीत 'नको' म्हणायला शिकलेली मुलगी आमच्या गल्लीत कोणाला ऐकू जाणार?

आणखी एका संस्थेत मोठ्या मुलांची कार्यशाळा होती. पणत्या, उटण्याची पाकिटे, कागदी पिशव्या. दिवाळीच्या प्रदर्शनात या वस्तू आपण सर्वच जण कौतुकाने घेतो, आणि घ्याव्यातच, त्यातून मुलांच्या हाती थोडे पैसे येतात. पण मी जरा वेळ उभी राहून पाहिले. नाजूक रंगकाम शिक्षिका करत होत्या आणि मुले वाळलेल्या पणत्या एका ताटातून दुसऱ्या ताटात ठेवत होती. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा डबे उघडून दिले गेले, हात धुऊन दिले गेले. विकण्याजोगी वस्तू झाली होती. डबा उघडणे शिकायचे राहून गेले होते.

आता ज्याविषयी बोलताना आपण आवाज खाली आणतो त्या गोष्टीकडे येते. मुलगी वयात आली की विशेष शाळांच्या दारात पालकांचे एक वेगळेच बोलणे चालते. पिशवी काढून टाकावी का, असे ते बोलणे असते, आणि ते बोलणाऱ्या आया निर्दय नसतात, थकलेल्या असतात. महाराष्ट्रात या प्रश्नाला एक तारीख आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण त्या वेळी जाहीरपणे देण्यात आले होते. स्त्री-संघटनांनी विरोध केला, वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. आज २०१६ च्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या वैद्यकीय प्रक्रियेला मनाई आहे. पण माझ्या मनात राहिला आहे तो त्या कारणातला 'येत नाही' हा क्रियापदाचा नकार. 'शिकवले नाही' आणि 'येत नाही' यांतले अंतर मराठीच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. पॅड बदलणे ही एक कृती नाही. त्या अकरा-बारा कृती आहेत. डाग ओळखणे, कपाटातून पिशवी घेणे, दाराला कडी लावणे, जुने पॅड कागदात गुंडाळणे, हात धुणे. प्रत्येक पायरी वेगळी शिकवता येते, महिनोन्महिने लागतात, आणि बहुसंख्य मुलींना ती येते. आमच्या लेकीला यायला चौदा महिने लागले. गुंडाळलेला कागद टोपलीत टाकायला ती अजूनही कधीकधी विसरते.

या शिकवण्यात एक युक्ती आहे, जी मला अध्यापनशास्त्र म्हणून फार आवडली: पायऱ्या शेवटून शिकवायच्या. शर्टाची बटणे लावताना आधीची सर्व आपण लावायची आणि शेवटचे मुलाकडून लावून घ्यायचे. म्हणजे काम संपल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. नंतर शेवटची दोन, मग तीन. आपण कविता शिकवताना कवीच्या जन्मसालापासून सुरुवात करतो आणि विद्यार्थी कवितेपर्यंत पोचण्याआधीच तास संपतो, असो.

ही युक्ती मी पाहिली ती अखेर आम्ही निवडलेल्या शाळेत. शाळा फार दूर आहे, दोन बस बदलाव्या लागतात, इमारतीचा जिना अरुंद आहे आणि पावसाळ्यात एका खोलीत बादली ठेवतात. भेटीला गेलो त्या दिवशी तिथल्या शिक्षिकेने आम्हा दोघांना नमस्कार केला आणि खुर्ची वळवून लेकीसमोर बसल्या. "तुला काय शिकायचंय इथे?" लेक गप्प. मी सवयीने तोंड उघडणार तोच बाईंनी माझ्याकडे न पाहता हात किंचित वर केला. ती शांतता मिनिटभराची तरी असेल. वर्गात विद्यार्थ्याच्या उत्तरासाठी मी इतकी कधी थांबत नाही. मग उत्तर आले: "भेळ."

"भेळेला काय काय लागतं?"

"चुरमुरे. शेव. चटणी. कांदा." जरा थांबून, "तिखट नको."

"मला तिखट लागतं. मग दोन वेगळ्या करू."

प्रवेश घ्यायचा हे माझ्यापुरते तिथेच ठरले. तिचे वडील शुल्क, सुट्ट्या, मुलांचे शिक्षकांशी प्रमाण असे आवश्यक प्रश्न विचारत राहिले आणि त्यांची उत्तरे काही सगळीच समाधानकारक नव्हती.

अठरानंतर काय, हा प्रश्न तिथेही आहेच. मोफत शिक्षणाचा हक्क त्या वर्षी संपतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे अर्ज करून आम्हाला तिचे कायदेशीर पालकत्व घेता येईल, म्हणजे ज्या वर्षी तिच्या मैत्रिणी मतदार होतील त्या वर्षी आम्ही पुन्हा अर्जावर तिचे पालक होऊ. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका दांपत्याने आपल्या लेकीच्या गरजेतून सुरू केली, तिला नावही लेकीचेच दिले. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी एकत्र येऊन 'घरकुल' उभारले, तिथे प्रौढ मुले राहतात. आपल्याकडे या क्षेत्रातले बरेचसे काम असे आईबापांनी स्वतः उभे केलेले आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि शासनाच्या दृष्टीने तितकीशी नाही. आमच्यात संस्था काढण्याची कुवत नाही. तीन वर्षे आहेत.

पहिल्या सत्राची उद्दिष्टे ठरवताना तीन रकाने होते: पालकांनी सुचवलेले, शिक्षकांनी सुचवलेले, विद्यार्थिनीने सुचवलेले. आम्ही रस्ता ओलांडणे लिहिले, बाईंनी पन्नास रुपयांपर्यंतचा व्यवहार, आणि तिसऱ्या रकान्यात तिने स्वतःच्या मोठ्या, एकमेकांना धडकणाऱ्या अक्षरांत दोनच अक्षरे लिहिली. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रगतिपत्रक आले. गुणांऐवजी त्यात प्रत्येक कृतीपुढे किती मदत लागते ते लिहितात. रस्ता ओलांडणे: हात धरून. पैसे: शाब्दिक सूचनेने, नोटा ओळखते, सुटे मोजताना घाई करते. भेळ: स्वतंत्रपणे, कांदा चिरणे वगळून. खाली बाईंनी जादा ओळ लिहिली आहे, की वर्गातल्या एका मुलाची भेळ ती मुद्दाम तिखट करते, याविषयी तिच्याशी बोलणे झाले आहे.