घारापुरीला जाताना

वाचकहो, हरभऱ्याची रास झाली, हळद शिजून वाळली, की आपल्या मुदखेड भागात मुंबई पाहण्याचे बेत सुरू होतात. नंदिग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठता येते. मुंबईला जायचे तर समुद्र पाहायचा, आणि समुद्र पाहायचा तर लाँचने घारापुरीला जायचे, हे ठरलेलेच.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार घरची माणसे मिळून गेलो. गेटवे ऑफ इंडियापासून हे बेट सुमारे १० कि.मी. दूर आहे, लाँचला तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा. धक्का मागे पडला, चहूकडे पाणीच पाणी झाले, तशा आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् त्यात एक वाफा भिजत न्हाई!"

लाँचवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाले. आमच्या शेजाऱ्यांनी ते घडी करून बुडाखाली घेतले. म्हणाले, "साहेब, उकडतंय. अन् हे घालून फोटो काय काढायचा?" मला एकदम आपल्या कापसाच्या फवारणीची आठवण झाली. मास्क खिशात असतो, हातमोजे धुऱ्यावर असतात आणि पंप पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून हे सांगताना माझा घसा कोरडा पडतो. साधन जवळ असणे वेगळे आणि अंगावर असणे वेगळे.

मी शेजाऱ्यांना म्हणालो, "भाऊ, याच वाटेवर १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीत प्रवासी लाँचवर आदळली. १५ जीव गेले. लाँचवर क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते." ते काही बोलले नाहीत, बुडाखालचे जॅकेट काढून त्यांनी घातले. मग आम्ही सगळ्यांचे पट्टे तपासले. एकाचे बक्कल तुटलेले निघाले. नातवाला मोठ्या माणसाचे जॅकेट दिले होते, ते हात वर केले की डोक्यातून निघून येई. खलाशाला सांगताच त्याने कुरकुर न करता दोन्ही बदलून दिली. मागितले म्हणून मिळाले, मंडळी!

बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी गाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. वृद्धांसाठी डोलीची खुर्ची मिळते. हातात खाऊ ठेवू नका, माकडे हिसकावतात. सुमारे सहाव्या शतकात अखंड कातळ कोरून केलेले हे शिवमंदिर १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेले. आतली तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती १८ ते २० फूट उंच आहे. मातोश्रींनी तिच्यापुढे हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत. बेटावर पूर्वी दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. समोर मुंबई रात्रभर झगमगे, पण इथे जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच उजेड असे. २०१८ साली समुद्राखालून सुमारे साडेसात कि.मी. केबल टाकली, तेव्हा कायमची वीज आली. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये रात्री पाणी द्यायला उठणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून परतीची शेवटची लाँच चुकवू नका. घाई झाली तरी भरगच्च लाँचमध्ये मात्र चढू नका, पुढच्या लाँचची वाट पाहा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा हट्ट करू नका.

परतताना कोणाला काही सांगावे लागले नाही. नातवाने सगळ्यांची बक्कले मोजली आणि मगच खिडकीची जागा धरली. वाचकहो, घारापुरीला अवश्य जा. आधी जॅकेट मोजा, मग जागा धरा. आणि गावी परतल्यावर फवारणीचा मास्कही तसाच तोंडावर बांधा.