मिठाचा ताळेबंद



इंदूरच्या माणसाला खाण्याबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणं म्हणजे धाडसच. आमच्याकडे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते, रात्र सराफ्यात सरते आणि मधल्या वेळात ताटात जे येईल त्यावर शेव पडते. पोह्यांवर शेव, साबुदाण्याच्या खिचडीवर शेव, आमटी बेताची झाली तर आमटीतही शेव. होळकरांच्या पाठोपाठ आलेल्या आमच्या पूर्वजांनी घरात मराठी जपली, पण जीभ माळव्याच्या स्वाधीन केली. तेव्हा हे उपदेश म्हणून वाचू नका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त बँकवाल्याने स्वतःच्या स्वयंपाकघराचं केलेलं ऑडिट म्हणून वाचा.

निमित्त सौ.चं झालं. तिला रक्तदाब पंधरा वर्षांपासून आहे. गेल्या दिवाळीनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा. आणि ते सगळं धरून." पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक लहान चमचा. रिक्षात ती गप्प होती. तिची थोरली बहीण शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर होती. त्यामुळे ती कसला हिशेब करते आहे, हे न बोलताही कळत होतं.

मी बी.कॉम. झालेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं शाखांच्या तपासणीत गेली. धार, रतलाम, खरगोन, जिथे पाठवतील तिथे जायचं आणि वह्या उघडायच्या. म्हटलं, आता घरची वही उघडू. आमच्याकडे एक किलो मिठाची पुडी दोघांना सहा महिने पुरते. भागाकार केला तर माणशी दिवसाला पावणेतीन ग्रॅम पडतात. म्हणजे डॉक्टरांच्या मर्यादेच्या बरेच आत. मग "सगळं धरून" यातलं सगळं कुठे होतं?

ते फडताळात होतं. मुलगा बंगळुरूला असतो. आईला ओट्याशी उभं राहावं लागू नये म्हणून दर महिन्याला मोबाइलवरून सामान पाठवतो. सूपच्या पुड्या, मसाला ओट्स, ब्राउन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं, गरम पाणी ओतलं की तयार होणारा उपमा. त्या खोक्यात त्याची माया असते, यात शंका नाही.

भिंग घेऊन बसलो. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की संचालकांच्या रंगीत अहवालावर आम्ही कधी विसंबलो नाही. ताळेबंदाखालच्या बारीक टिपा आधी वाचायचो. पाकिटाचंही तसंच आहे. समोरची बाजू म्हणजे संचालकांचा अहवाल, खरी टिप मागे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तसा आपल्याकडे नियमच आहे. त्यामुळे "मल्टिग्रेन" बिस्किटात पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि ती मिरवलेली धान्यं कुठे तरी शेवटी चार टक्के, हे दोन मिनिटांत कळतं.

मिठासाठी सोडियमचा आकडा पाहायचा आणि अडीचने गुणायचं. एका सूपच्या पुडीत 620 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. ब्रेडच्या दोन कापांत पाऊण ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेवेत सहा दशांश. एका पापडात अर्धा. बेरीज सव्वातीनच्या वर. त्यात घरचे पावणेतीन मिळवा, सहा ग्रॅम ओलांडले. आणि यात लोणचं धरलेलंच नाही. मजा अशी की ब्रेड काही खारट लागत नाही. जिभेला न सांगता मीठ पोटात जातं.

इथे एक खुलासा. "प्रक्रिया केलेलं" म्हणजे सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. दही लावणं ही प्रक्रियाच, गूळ करणं ही प्रक्रियाच, पीठ दळणंही तेच. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट मांडले आहेत. त्यांचा आक्षेप आहे तो चौथ्या गटावर. कारखान्यात वेगळे केलेले घटक, रंग, स्वाद आणि स्थिरके घालून जोडलेलं ते खाणं. माझी घरगुती कसोटी सोपी आहे. पाकिटावरचा घटक आमच्या फडताळात सापडेल का? नाही सापडला तर पाकीट खाली ठेवायचं.

अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेचा 2019 सालचा एक प्रयोग मला फार पटला. वीस माणसांना दोन आठवडे असं कारखान्याचं जेवण दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, मीठ, चोथा सारखाच ठेवला होता. हवं तेवढं खा, असं सांगितलं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि भराभर खाऊन गेली. मऊ, चावावं न लागणारं अन्न पोटाला निरोप मिळायच्या आत संपतं. ज्वारीची भाकरी घाई करू देत नाही. ती चावावीच लागते. आमच्या लहानपणी ताटाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायची, श्लोक म्हणायचा, मगच पहिला घास. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्याला आज इंग्रजी नावाने शिबिरं भरतात.

पण "जुनं ते सोनं" म्हणून मोकळं होता येत नाही. आईच्या लोणच्यात मीठ मुठीने पडे आणि पापडखाराचा पापड रोज असे. शिवाय ती पहाटे जात्यावर बसे, तेव्हा आम्ही सगळे पुरुष गाढ झोपलेले असू. मी उत्साहाने सौ.ला म्हटलं, "आता सगळं ताजं आणि साधं." ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचं साधं जेवण माझ्या गुडघ्यांवर उभं आहे."

या वाक्यावर उत्तर एकच होतं. ओट्याशी आता मी असतो. रात्री मूग भिजवतो, भाजी चिरतो, कुकर लावतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कढत पाण्यात उकड काढून मळायचं, हे शिकलो. माझी भाकरी अजून नकाशासारखी होते. ती स्टुलावर बसून सूचना देते आणि हसते. सत्तरच्या दशकापासून माळव्यात सोयाबीन पसरलं आणि ज्वारी मागे सरली, आमच्या ताटातूनही गेली होती. आता परत आली आहे. पावसाळ्यात दुधातला भुट्ट्याचा कीस, एरवी मुगाची उसळ, ताक, दोडका, फोडणीचे पोहे. एक वाजता जेवायला बसतो. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिले दोन दिवस शांतता जड गेली, मग बोलणं सुरू झालं.

मुलाला फोनवर कसं सांगायचं, याची तिला काळजी होती. "लेकाने प्रेमाने पाठवलेलं परत कसं करायचं?" मी त्याला मिठाची बेरीज लिहून पाठवली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाबा, मग काय पाठवू?" आता खोक्यात भाजलेले चणे, बिनमिठाचे दाणे आणि ज्वारी येते.

शेव बंद झालेली नाही. रविवारी पोह्यांवर एक चिमूट असते, आणि आठवड्याचा एक पापड तिने भांडून राखून ठेवला आहे. चार महिन्यांनी दाब उतरला, गोळी तीच राहिली. क्रिएटिनिन कमी झालं नाही, पण वाढलंही नाही. डॉक्टरांनी मान हलवली, आम्हाला तेवढं पुरे आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. कुठली डाळ, कुठलं फळ किती, हेही ज्याचं त्याने विचारावं.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. फडताळातलं कुठलंही एक पाकीट उलटं धरा, सोडियमला अडीचने गुणा आणि घरातल्या मंडळींना तो आकडा मोठ्याने वाचून दाखवा. पुढचं तुमचं तुम्हीच ठरवाल.