मी पीपीएम सोडलं

हायड्रोपोनिक्सच्या नादी लागलेल्या माणसाला आधी 'पीपीएम' हाच आकडा जवळचा वाटतो. दहा लाख भागांत अमुक भाग, म्हणजे कुणीतरी खत तोलूनमापून दिल्यासारखं. त्याच मीटरवर ईसी, म्हणजे विद्युतवाहकताही दिसते, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये. तो मला कितीतरी वर्षं नुसता तांत्रिक बडेजाव वाटायचा. पाण्यातून वीज किती वाहते याच्याशी मेथीला काय देणंघेणं? तिला अन्न किती मिळालं ते सांगा! मेलबर्नला असताना हे मत मी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही लोकांना ऐकवलं आहे. आता मी बरोबर उलट बाजूला जाऊन बसलोय.

मीटर काही वजन करत नाही. इलेक्ट्रोडमधून पाण्यात प्रवाह सोडायचा, तो किती सहज वाहतो ते मोजायचं आणि २५ अंश सेल्सिअस धरून हिशेब जुळवायचा, एवढंच त्याचं काम. (पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते.) हा झाला ईसी. पीपीएम हा त्याला कशाने तरी गुणून काढलेला अंदाज, आणि कशाने गुणायचं यावरही एकमत नाही. काही मीटर ५०० ने गुणतात. त्यांच्या लेखी पाण्यात फक्त मीठ आहे. काही ७०० ने. त्यांनी ४० टक्के सोडियम सल्फेट, ४० टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि २० टक्के मीठ असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे ईसी २ असलेली एकच टाकी एका मीटरवर १०००, दुसऱ्यावर १४००. न्यूझीलंडच्या ब्लूलॅबची ट्रंचन नावाची दांडी इकडे बऱ्याच जणांकडे असते. तिच्यावर हे दोन्ही पीपीएम शेजारी-शेजारी छापलेले आहेत. मी ते रोज पाहायचो. कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे माझ्या टाकीतलं मुख्य खत, या दोन्ही गृहीतकांत नाहीच.

हे कुणाला पटत नसेल तर ओट्यावरच करून बघावं. लिटरभर पावसाच्या पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवलं की ईसी २ च्या आसपास जातो. तेवढंच एप्सम सॉल्ट घातलं तर त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही. आणि साखर चमचाभर घाला, आकडा ढिम्म हलत नाही.

पुढे आम्ही अ‍ॅडलेडला आलो. शहराच्या उत्तरेला व्हर्जिनियाच्या बाजूला काचघरांची वस्ती आहे, त्यांतले कितीतरी मळे व्हिएतनामी कुटुंबांचे. तिथल्या एका म्हाताऱ्या मळेवाल्याला मी लेट्यूसचं पीपीएम विचारलं. तो म्हणाला, 'बारा.' म्हणजे सीएफ १२, ईसीची दहापट करून सांगायची इकडची जुनी पद्धत. मग त्यानेच मला उलट विचारलं, 'तुझं नुसतं पाणी किती?'

हा प्रश्न मला मेलबर्नला कधी पडलाच नव्हता. तिथलं नळाचं पाणी राखीव जंगलांतल्या धरणांचं. मीटरवर जेमतेम ०.१. अ‍ॅडलेडचं पाणी काही टेकड्यांतलं, काही मरे नदीचं, काही समुद्राचं गोडं केलेलं. माझ्या नळाला ते ०.५ च्या आसपास आलं. म्हणजे १.२ च्या द्रावणात खत फक्त ०.७ चं. उरलेल्यात सोडियम आणि क्लोराइड, जे झाड फारसं उचलत नाही. टाकीत रोज नळाचं पाणी भरत राहिलं की नायट्रेट संपत जातं, मीठ साचत जातं, आणि मीटर मात्र इमानदारीत १.२ दाखवत राहतो. खालची पानं पिवळी पडायची ती यामुळे.

मामाला यातलं काहीच नवीन नव्हतं. तो वाळव्याकडचा, कृष्णाकाठचा. उसाला पाणी देऊन देऊन निम्मं रान क्षारपड झालेलं. फोनवर मी पीपीएम सुरू केलं की वैतागायचा. 'अरे, ईसी सांग की. माती-पाण्याच्या रिपोर्टात ईसी असतोय.' इकडे मरे नदीचा खारेपणाही ईसीतच मोजतात: मॉर्गन गावापाशी ९५ टक्के काळ ८०० ईसीच्या खाली, असं खोऱ्याच्या कारभाऱ्यांनी ठरवलेलं उद्दिष्ट. ते मायक्रोसीमेन्समध्ये, माझ्या मीटरवर ०.८. ओलिताने जमिनीतलं मीठ वर येणं दोन्हीकडे सारखंच.

ईसीलाही डोळे नाहीत, मीठ कुठलं ते त्याला कळत नाही. पण तो कळल्याचा आव आणत नाही, म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास. हल्ली मी आकड्यापेक्षा त्याची चाल बघतो. जानेवारीत पारा चाळिशीपार गेला की झाडं खतापेक्षा पाणी जास्त ओढतात, संध्याकाळी ईसी चढलेला असतो. तेव्हा साधं पाणी घालायचं. थंडीत तो उतरत गेला तर खत कमी पडतंय. उन्हाळ्यात पालेभाजीला मुळातच पातळ द्रावण ठेवतो, नाहीतर लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

पाणी आता पत्र्यावरून टाकीत साठवलेलं, पावसाचं. ते संपलं की नळाचं, आणि मग द्रावण ठरावीक दिवसांनी पूर्ण ओतून टाकतो. लिंबाच्या आळ्यात नाही, लिंबाला मीठ सोसत नाही. कुंपणालगत इथलंच सॉल्टबुश लावलंय, त्याला घालतो.